पाणी किती पावलं?

डोक्यावर पांढरी टोपी, टोपीवर जुन्या लुगड्याच्या धडप्याची चुंबळ, चुंबळीवर काठोकाठ भरलेली घागर, अंगात बंद गळ्याचा कोट, आणि तोंडानं मोठ्यानं आकडे म्हणत परक्या गावाच्या वाटेनं चाललेला चाळिशी उलटलेला माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? मी पाहिला आहे, आणि एकदा नव्हे, चांगला पंधरा-वीस वेळा. मागून गावातली पोरं हुर्यो करत यायची, दारादारांत बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि आमचे कोळेकर मास्तर ‘एकशे ब्याऐंशी, एकशे त्र्याऐंशी’ करत नाकासमोर चालत राहायचे. घागरीतलं पाणी काठाशी डुचमळायचं, पण थेंब सांडायचा नाही. मी मागून वही-पेन्सिल घेऊन चालायचो. पहिल्या खेपेला धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं होतं. पुढं पुढं मात्र त्या चालीकडे बघताना देवळात उभं राहिल्यासारखं वाटायला लागलं, आणि देवळात मी फारसा जात नाही.

ही गोष्ट सत्तर सालानंतरची. तातोबा कोळेकर आष्ट्यातल्या एका हायस्कुलात भूगोल आणि अर्थशास्त्र शिकवायचे, मी तिथंच चित्रकला शिकवायचो. फळ्यावर नकाशा काढायला त्यांना माझा हात लागायचा आणि चहाला मला त्यांची सोबत लागायची, एवढ्यावर आमची मैत्री जमली. त्यांचं घर माणदेशाकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. आमचंही मूळ तिकडचंच, पण माझे आजोबा मेंढरं घेऊन कृष्णाकाठी आले ते इथलं हिरवं बघून परतलेच नाहीत. मास्तरांच्या वडिलांचं तसं नव्हतं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचं आणि पावसाच्या तोंडावर गावी परतायचं, हा त्यांचा वर्षाचा फेरा. त्यामुळे माणपासून वारणेपर्यंतचा ओढा न ओढा मास्तरांना पायांनी पाठ होता. पुस्तकातला भूगोल त्यांनी नंतर वाचला, आणि त्यातल्या चुका पेन्सिलीनं दुरुस्त करून ठेवल्या.

माणसं भेटली की ‘काय, बरं हाय का?’ असं विचारतात. मास्तर विचारत, “पाणी किती पावलं?” म्हणजे तुमच्या दारापासून प्यायचं पाणी किती पावलांवर आहे ते सांगा, मग तुमचं बरं आहे की नाही ते मी ठरवतो. नव्या हेडमास्तरांनाही त्यांनी पहिल्याच भेटीत हेच विचारलं. ते पुण्याकडचे गृहस्थ. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शेवटी सांभाळून म्हणाले, “आमच्याकडे नळ आहे.”

“नळ कवा येतो?”

“सकाळी सहाला.”

“मंग वहिनीसाहेब पाचला उठत्यात,” मास्तर म्हणाले आणि तासाला निघून गेले. आपली बायको पाचला उठते ही बातमी हेडमास्तरांना बहुधा त्या दिवशी नव्यानं कळली असावी.

आपल्याकडे मुलगी द्यायची तर आधी तिचं घर बघायला जायची रीत आहे. जाणारे काय बघतात? जमीन किती, म्हशी किती, माडी आहे का, सासू तापट दिसते का. मास्तरांच्या हाताखालून शिकून गेलेल्या मुलींचे बाप आधी मास्तरांकडे येत. ‘मास्तर, अमक्या गावचं स्थळ आलंय, तुमी गाव बगून या,’ म्हणत. मास्तर मला सोबत घेत, सायकली काढत, आणि त्या गावाची परीक्षा घेत. ही परीक्षा म्हणजे तोंडदेखली चौकशी नव्हे. शाळेत उरलेली कोरी प्रगतिपुस्तकं त्यांनी हेडमास्तरांकडून मागून घेतली होती. विद्यार्थ्याच्या नावाच्या जागी गावाचं नाव. विषय त्यांचे स्वतःचे: पाणी, माती, जळण, वाट, बाजार, दवाखाना, शाळा, सावली. ‘उपस्थिती’च्या रकान्यात एस.टी. दिवसातून किती वेळा येते ते. आणि ‘वर्तन’ या रकान्यात, परक्यानं पाणी मागितलं तर आधी तांब्या देतात की आधी जात विचारतात ते. जात आधी विचारली की वर्तनात शून्य. मग भले गावात ऊस हत्तीएवढा असो.

पाणी हा सक्तीचा विषय. बाकी सगळ्यात पैकीच्या पैकी मिळाले तरी पाण्यात नापास ते गाव सगळ्यातच नापास. आणि मास्तर पाण्याचं अंतर ऐकून घेत नसत. ‘हे काय, हाकेच्या अंतरावर आहे,’ असं गावकरी सांगत. “हाक मारल्यावर पाणी चालत येतं का तुमच्यात?” असं म्हणून मास्तर कोटाच्या खिशातून चुंबळ काढत. ती चुंबळ कायम त्यांच्या खिशात असायची. लोकांच्या खिशात रुमाल असतो तशी.

आणखी एक नियम होता, आणि त्यानं मुलींचे बाप मेटाकुटीला येत. शिमग्याच्या आत मास्तर कुठल्याही गावाला पाय लावत नसत. मार्गशीर्षात स्थळ आलं, मुलगा चांगला, मुहूर्त जवळचा, तरी मास्तर बसूनच. “मास्तर, मुहूर्त निघून जाईल की वो!” बाप गयावया करत.

“मुहूर्त दर साली येतोय. दिवाळीत समदीच गावं पास हुत्यात. उन्हाळ्यात बगू, मंग बोला.”

हे काय खूळ आहे, असं मी त्यांना एकदा विचारलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “गड्या, पोराची परीक्षा पेपर अवघड येतो तवाच घ्यायची असती न्हवं?” तेवढ्यावर माझं समाधान झालं. माझं समाधान लवकर होतं, हा माझा जुनाच दोष आहे.

एका बागायती गावाची गंमत सांगतो. नाव सांगत नाही, कारण गाव आता सुधारलं आहे. नदीकाठ, चहूकडे ऊस, इस्लामपूरच्या बाजूला बैलगाड्यांची रीघ, सरपंचाच्या वाड्यावर रेडिओ. मुलगी देणाऱ्याला वाटलं, आपण स्वर्गातच मुलगी देतो आहोत. मास्तरांनी नदीवर घागर भरली आणि चढ चढायला लागले. गाव दरडीवर वसलेलं. दोनशे पावलांना मलाच धाप लागली, आणि माझ्या हातात पेन्सिल होती. चारशे तीस पावलांना मास्तर सरपंचांच्या दारात पोचले.

“तुमच्या उसाला पाणी कुठं मिळतं?”

“बांधावर! इंजिन हाय न्हवं आपलं,” सरपंच मिशीवर हात फिरवत म्हणाले.

“अन् बायकांना?”

“नदीला जात्यात की. पयल्यापास्नंच.”

“उसाला बांधावर अन् बाईला नदीवर? मंग लगीन बी उसाबरूबरच लावा,” मास्तर म्हणाले, आणि तिथंच घागर उतरवून प्रगतिपुस्तकात पाण्याला पंचवीसपैकी सहा मार्क टाकले. शेरा: नापास.

हे पुस्तक मुलीच्या बापानं घरी नेलं, पण गोष्ट घरात राहिली नाही. त्या वर्षी त्या गावात एकही सून यायला तयार होईना. माघाच्या सुमारास सरपंच आमच्या शाळेत आले. आता हे मास्तरांना हाणणार, म्हणून मी ड्रॉइंगच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. सरपंच मास्तरांसमोर आले, खुर्ची ओढून बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “आवं मास्तर, फेरपरीक्षा असती न्हवं तुमच्यात? ऑक्टोबरची?”

“असती की.”

“मंग आमचं गाव परत बसवा. टाकी बांदलीया चौकात.”

आम्ही गेलो. शिमगा झाल्यावर, अर्थात. अडतीस पावलं भरली. मास्तरांनी गावाला एकाहत्तर मार्क दिले आणि सरपंचांनी घरचं कार्य असावं तसे गावभर पेढे वाटले. मी परत येताना सायकल चालवत नव्हतोच, ती आपली आपण चालली होती. निवडणुका येऊन जातात, अर्ज फायलींत पिवळे पडतात, आणि या माणसानं शाळेच्या रद्दीतल्या एका पुस्तकानं गावाच्या चौकात पाणी आणलं! मी तसं म्हटलंही. मास्तर म्हणाले, “मी न्हाई आणलं गड्या. पाणी तिथंच हुतं. फकस्त कुणाच्या डोक्यावर हाय त्ये कुणी मोजलं नव्हतं.”

त्यांचं शिकवणंही असंच. अर्थशास्त्राच्या पहिल्या तासाला ते एक दगड टेबलावर ठेवत आणि विचारत, “ह्ये काय हाय?” मुलं म्हणत, दगड. “ह्याचा उपेग?” मग ते दुसरा ठेवत, तिसरा ठेवत, तिन्हींवर स्वतःची टोपी उलटी ठेवत आणि म्हणत, “आता ही चूल झाली. दगड तवाबी हुता, आताबी हाय. मधी काय आलं?” एखादी मुलगी हळूच म्हणे, “भूक आली.” मास्तरांचा चेहरा असा उजळे, की बाहेरून जाताना मी दारात थांबत असे. “भूक आली अन् अक्कल आली. गरज न्हाई अन् जाणणारं माणूस न्हाई, तवर दगड ही संपत्ती न्हाई रं. नुसतं वझं हाय.”

एकदा शाळा तपासायला मोठे साहेब आले. त्यांनी दहावीच्या वर्गात विचारलं, “आपल्या जिल्ह्याची मुख्य साधनसंपत्ती कोणती?” पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली आणि ठणकावून म्हणाली, “आई.”

साहेबांनी चष्मा काढला. “काय?”

“आई. पाणी ती आणते, जळण ती आणते, दळण ती करते. ती नसली तर पुस्तकातली संपत्ती पुस्तकातच राहते, सर.”

ही मुलगी म्हणजे माझी धाकटी बहीण शालन. मी व्हरांड्यात उभा होतो आणि माझे कान तापले होते. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, ‘उत्तर चुकीचे आहे. परंतु खोडता येत नाही.’ मास्तरांनी तो शेरा तीनदा वाचला आणि मला चहा पाजला.

वडील लवकर गेल्यामुळे शालनचं बघायचं माझ्याकडेच होतं. तिला विसावं लागलं तेव्हा एक स्थळ आलं, ते नेमकं मास्तरांच्याच घरातलं. मास्तरांची थोरली बहीण, अक्का, जतच्या अलीकडं बोरखडक नावाच्या वस्तीवर दिलेली. तिचा एकुलता एक मुलगा बिरू पलटणीत होता. अक्काचे यजमान वारलेले, घरात ती एकटीच. तिनं कुणाकडून तरी पत्र लिहून घेतलं होतं: तुझ्या शाळेतली ती उत्तर देणारी पोरगी माझ्या बिरूला बघ.

बिरू रजेवर आला तेव्हा आमच्याकडे येऊन गेला. सरळ नाकाचा, कमी बोलणारा मुलगा. पाणी पिऊन झाल्यावर तांब्या स्वतः उचलून मोरीत ठेवून आला. तेवढ्यानं आई गार झाली आणि शालन आतल्या आत हसली. मी भाऊ आहे, मला ते कळलं. म्हणजे सगळं जमल्यातच जमा होतं.

“मास्तरांचाच भाचा, आता घर बघायचं काय राहिलं?” आई म्हणाली. मलाही तसंच वाटलं. मास्तर मात्र आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “बघायचं राहिलंय. वैशाखात जाऊ.”

वैशाखात गेलो. सांगलीहून एस.टी.नं, मग फाट्यावरून पायी. पायाखाली मुरूम, दोन्ही अंगांना बोरी-बाभळी, आणि ऊन असं की बोलायला तोंड उघडवत नव्हतं. अक्काचं घर वस्तीच्या टोकाला, दोन खोल्यांचं, शेणानं स्वच्छ सारवलेलं. आणि घराच्या अगदी समोर, दारापासून हातभरावर, घडीव दगडांचा देखणा आड. मला हायसं वाटलं. मी पुढं होऊन आत डोकावलो. आत खडक होता, फुटकं मडकं होतं, आणि एक सरडा मान वर करून माझ्याकडे बघत होता.

अक्का बाहेर आली. पन्नाशीची असेल, पण दिसत होती साठीची. मान डाव्या खांद्याकडे कलली होती ती कललेलीच. पदर सावरताना तिचं डोकं दिसलं. ऐन टाळूवर, बंद्या रुपयाएवढ्या जागेत, एक केस नव्हता.

मास्तर बसले नाहीत. खिशातून चुंबळ काढली, ओट्यावरची घागर उचलली. मी सवयीनं वही काढली तर म्हणाले, “तुमी बसा. आज वही नगं.” आणि एकटेच गेले.

“आवं पाव्हणं, बसा निवांत,” अक्का म्हणाली. “त्येला येळ लागंल. मला बी तेवडाच लागतोय.”

ती जात्यापाशी टेकली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “आड चांगला बांधलाय.”

ती हसली. “व्हय. त्या आडानंच माजं लगीन केलं.” मला कळलं नाही असं बघून ती सांगू लागली. “ह्यो तातोबा तवा दहा वर्साचा. दिवाळीचा दिस. मेंढरं निगायची घाई, अन् आण्णाला, आमच्या बापाला, ताप आल्याला. मंग माजं घर बगाया कोन जानार? ह्येलाच चुलत्यासंगं धाडला. चुलता पान खाईत बसला पंगतीत. ह्यो मातुर आडात डोकावला. आड काठोकाठ! ओणवा होऊन हातानं पानी घेटलं, पेला, अन् पळत आला सांगाया, अक्काचं पानी दारातच हाय, एक पाऊल बी न्हाई. आण्णा म्हणला, लेकरू कशाला खोटं बोलंल? दिलं मला.”

“मग?”

“मग काय! संकरातीला आड आटला. दर सालीच आटतोय त्यो.”

“तुमच्या माहेरी कुणाला कळलं नाही?”

“कळायचं कसं वो? दिवाळी झाली की समदी मेंढरांमागं. परत यायची ती पावसाबरूबर. आमच्या मानसानं गावाचा उन्हाळा कवा बगितलाय? ह्यो यायचा भाऊबीजंला. तवा आड भरल्याला. सोता पोहरा सोडायचा, पानी काढायचा, प्यायचा. म्हनायचा, अक्का, तुजं लय ब्येस झालं बग. मी म्हनायची, व्हय रं.”

“किती वर्षं?”

“बारा-तेरा झाली आसत्याल.”

“अन् तुम्ही एकदाही सांगितलं नाही?”

अक्कानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच दहा वर्षांचा आहे. “लेकरानं हौसंनं बगून दिल्यालं घर. त्येला कशाला सांगायचं?”

आडाच्या काठावरून ऊन सरकलं. ती पुढं म्हणाली, “मास्तर झाल्याचा हुकूम दावाया आला, पेढं घिऊन. चैताचं ऊन. दाराला कडी. आडात बगितलं आसंल त्येनं. मी वाटंत गावली, डोईवर घागर, काकंत कळशी. काय बोलला न्हाई. माजी घागर उचलली अन् सोताच्या टोपीवर ठिवली. चुंबळ बी माजीच घेटली. ती आजून देत न्हाई बगा.”

पंधरा-वीस गावं मी त्या चुंबळीमागून चाललो होतो आणि लोकांना मजेनं सांगत होतो की आमच्या मास्तरांच्या खिशात रुमालाऐवजी चुंबळ असते. दिवाळीत समदीच गावं पास हुत्यात, हे त्यांचं बोलणं मी एक चटकदार वाक्य म्हणून चार ठिकाणी वापरलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

मास्तर आले. अंगाला कोट चिकटलेला. घागर रांजणात ओतली आणि म्हणाले, “अकराशे चाळीस.” मग आडाच्या काठावर बसून त्यांनी प्रगतिपुस्तक उघडलं. सावली, जळण, वाट, सगळं भरलं. वर्तनात पैकीच्या पैकी दिले. पाण्याच्या रकान्याशी मात्र टाक थांबला. मला माहीत होतं ते काय लिहिणार, आणि तरी मी मनात म्हणत होतो, मास्तर, एवढ्या वेळी सोडून द्या. कारण मी बघत होतो, की हे गाव पास झालं तर घागर शालनच्या डोक्यावर जाणार, आणि नापास झालं तर ती याच म्हातारीच्या डोक्यावर राहणार. बिरू तर पलटणीत, कुठं बर्फात. त्या घागरीला तिसरं डोकं नव्हतं.

त्यांनी दोन लिहिले. पंचवीसपैकी दोन.

“गड्या, शालन हितं द्यायची न्हाई,” ते म्हणाले. अक्का चुलीपाशी होती, तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “अक्का, गाव नापास झालं.”

“तुमचा भाचा आहे, मास्तर,” मी म्हटलं.

“म्हनूनच. एकदा चुकलो तवा दहा वर्साचा हुतो. आता चाळिशी उलटली.”

अक्का चहाच्या कपबश्या घेऊन आली. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. म्हणाली, “मला कुटं ठावं न्हाई व्हय रं? तू आज परीक्षा घेटलीस, मी रोजच बसतीया. नगं त्या पोरीला हितं. घ्या, च्या घ्या.” पण कप देऊन हात मोकळा झाला तसा तो आपोआप मानेवर गेला, आणि बराच वेळ तिथंच राहिला. मला माझी बहीण सुटल्याचा आनंद झाला होता आणि तो आनंद लपवायला मला जागा सापडत नव्हती.

घरी आल्यावर सगळं सांगितलं. शालन भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. “दादा, मास्तरांनी सोताच्या अक्कालाच नापास केलं की रं,” ती म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न उंब्रजला झालं. मास्तरांनी गाव तपासलं होतं, अंगणात नळ होता, त्र्याहत्तर मार्क होते. सुखात आहे. बिरूनंही पुढं लग्न केलं आणि बायकोला पलटणीच्या क्वार्टरमध्ये घेऊन गेला. बोरखडकला सून म्हणून कुणी आली नाही.

आमच्या संस्थेची एक शाखा त्या बोरखडकपासून अर्ध्या कोसावर होती. तिथं बदली म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा. कुणी संचालकांशी भांडलं, कुणी रजा जास्त घेतली, की त्याला तिकडं धाडत. शालनच्या लग्नानंतरच्या जूनमध्ये मास्तरांनी तिथं बदली मिळावी असा विनंतीअर्ज केला. कचेरीनं तो परत पाठवला, ‘आपल्या हातून गावाचे नाव नजरचुकीने लिहिले गेले असावे’ अशा शेऱ्यासह. मास्तरांनी पुन्हा पाठवला. पुन्हा परत आला. तिसऱ्या वेळी हेडमास्तरांनी त्यांना समोर बसवलं. “अहो कोळेकर, कृष्णाकाठ सोडून तिकडं कोण जातं? तुम्हीच त्या गावाला नापास केलंय म्हणे.”

“नापास पोरालाच मास्तर लागतोय, सर,” मास्तर म्हणाले.

ट्रंक, वळकटी, आणि पृथ्वीचा गोल काखेत घेऊन ते एस.टी.त चढले. स्टाफरूममध्ये लोक म्हणाले, भूगोल शिकवून शिकवून फिरलं डोकं. मला तेव्हा बोलता आलं नाही, ते आता लिहितो आहे, की इतका शहाणा माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

तिसऱ्या वर्षी वैशाखात माझं त्या बाजूला काम निघालं. फाट्यावर उतरून पायवाटेला लागलो तर पुढं ओळखीची पाठ. टोपी, चुंबळ, घागर. कोट नव्हता, सदरा होता. मी नकळत त्यांच्यामागून चालायला लागलो. पोरं हुर्यो करत नव्हती, बाया हसत नव्हत्या. समोरून घागरी घेऊन येणाऱ्या दोघी बाजूला झाल्या आणि “या गुर्जी” म्हणाल्या. तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, मास्तर आकडे म्हणत नव्हते.

“मास्तर, किती झाली?” मी मागून विचारलं.

त्यांनी मान न वळवता आवाज ओळखला. “मोजायचं सोडलं गड्या. मोजलं की लांब वाटतंय.” मग चालता चालताच म्हणाले, “शाळंच्या आधी तीन खेपा हुत्यात. आता व्हईरीचं काम काडलंय वस्तीनं, ओढ्याच्या अंगाला. लागंल पाणी. खडक तसा सांगतोय.”

घरी पोचलो. अक्का उंबऱ्यात बसून बाजरी पाखडत होती. मान तशीच डावीकडे कललेली, ती काही आता सरळ होणार नव्हती. पण मला बघून तिनं पदर सावरला तेव्हा दिसलं, टाळूवरच्या त्या रुपयाएवढ्या जागेत बारीक, पांढरे, विरळ केस उगवले होते.

मास्तर आत रांजणापाशी वाकले होते, घागर रिकामी करत. बाहेर आड कोरडा पडला होता, मागल्यासारखाच. मग मास्तरांचाच प्रश्न माझ्या तोंडून निघाला.

“काय अक्का, पाणी किती पावलं?”

अक्कानं सूप खाली ठेवलं. एकदा आत बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि कुणाला सोन्याचा दागिना दाखवावा तशा तोऱ्यात म्हणाली,

“दारातच हाय की! एक पाऊल बी न्हाई. माज्या भावानं बगून दिल्यालं घर हाय ह्ये.”